तोंडी मजकूर

१३ जानेवारी, सोमवार. क्युपर्टिनो, अमेरिका

टाके निघाले. मनगटातली दबलेली नस मोकळी झाली म्हणे, पण अंगठा आणि दोन बोटं अजून माझी वाटत नाहीत. सहा आठवडे टायपिंग बंद. डाव्या हाताने करते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाली, "मग पुढच्या महिन्यात त्याचंही ऑपरेशन करू." हसून म्हणाली, पण म्हणाली.

नागपूरहून निशाचा फोन. एके काळी माझ्या हाताखाली शिकली, आता माझी संपादक. "ताई, पुरवणीची पानं कमी होतायत. एक रविवार जरी तुमची जागा रिकामी राहिली, तरी वरचे ती जाहिरातीला देऊन टाकतील. मग माझ्या हातात काही नाही."

अठरा वर्षांत स्तंभ एकदाही चुकला नाही. मजकूर तिकडे गुरुवारी सकाळी नऊला, म्हणजे इथून बुधवारी संध्याकाळी साडेसातला.

परवा बुधवार.

१४ जाने.

मृदुलाने ऑफिसला जायच्या आधी लॅपटॉपवर बोलून लिहायची सोय लावून दिली. आपण बोलायचं, तो मराठीत उतरवतो. मी सुरुवात केली तर लेक हसायलाच लागली. "आई, नॉर्मल बोल ना! रेडिओवर न्यूज देतेयस का?"

तिला काय सांगू. तालुका वार्ताहर होते तेव्हा अशीच बातमी द्यायचे. ट्रंक कॉल लागला की पलीकडे डेस्कवरचा माणूस लिहून घ्यायचा, एकेक वाक्य, पूर्णविरामासकट. फोन ठेवला की आपलं काम संपलं. वाचणं, तपासणं त्यांच्याकडे. तोच सूर आपोआप लागला, इतक्या वर्षांनी.

फक्त लॅपटॉपला 'पूर्णविराम' कळत नाही, तो शब्दच लिहून ठेवतो. संध्याकाळी मृदुलाने एका फटक्यात सगळ्यांची टिंबं करून दिली. आजची वही... वही कसली, हेही बोलूनच. दार लावून, हळू आवाजात. स्वतःशी बोलणाऱ्या बायकांना मी हसायचे.

१५ जाने., बुध.

पाठवला! सात वीसला. विषय: लग्नानंतरचं पहिलं घर, धरणाच्या कामावरच्या वसाहतीतलं. हे तेव्हा पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनीयर.

ज्या कोणी हे बोलून लिहायचं काढलं त्याचं भलं होवो. बहुधा ह्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गावातच, चार गल्ल्या पलीकडे राहत असेल. भाजीच्या दुकानात माझ्या मागे उभा असेल.

१६ जाने.

निशा: "ताई, हे मुद्दाम ठेवलंय का?" आणि फोनवर वाचून दाखवलं. 'घरात नळ नव्हता. नळ होता, पाणी नव्हतं. अहो, तुम्ही मध्ये बोलू नका.'

हे पलंगावर आयपॅड घेऊन बसले होते. राहवलं नाही, बोलले. लॅपटॉपने ह्यांचंही घेतलं, माझंही. आणि मी, वीस वर्षं डेस्कवर दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई, शेवटचं एकदा न वाचता पाठवून मोकळी. फोन ठेवला की काम संपलं! जुनी खोड.

"काढ ते," म्हटलं.

"मुळीच काढणार नाही," निशा म्हणाली.

२० जाने.

छापून आलं. नागपूरहून ह्यांच्या भावाचा फोन, इथल्या मराठी मंडळातून सुलभाकाकूंचा. "काका चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायकोपुढे बोलले!" हे दिवसभर खूश, चहा स्वतः केला. निशाचा निरोप: पुढच्या वेळीही काकांना घ्या.

माझा स्तंभ आहे तो. ...बघू.

२२ जाने., बुध.

घेतलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात कागद, सात मुद्दे. "आधी प्रास्ताविक करतो." सिंचनाचं महत्त्व, काँक्रीटचं मिश्रण, सगळं. लॅपटॉपने निमूट उतरवलं. त्याची सहनशक्ती माझ्यापेक्षा जास्त.

सगळं पुसलं, एकटीने दुसरा केला. वेळेत गेला. जेवताना हे: "माझं सदर बंद पडलं वाटतं."

३१ जाने.

तपासणी. बोटांतली बधिरता कदाचित राहील. सहा आठवड्यांनंतरही टायपिंग दिवसाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. म्हणजे आता हे असंच, बोलून.

वाईट वाटायला हवं होतं. गाडीत बसल्यावर म्हटलं, "तोंड तरी शाबूत आहे."

हे: "त्याबद्दल कुणाला शंका नव्हती."

५ फेब्रु., बुध.

आज पुराचं वर्ष घेतलं. धरणाची दारं उघडली, खालच्या तीन गावांत पाणी शिरलं, आणि 'खात्याने सूचना दिली नाही' ही बातमी मी फोनवरून दिली. हे त्याच धरणावर. त्या बातमीवर आम्ही घरात कधी बोललो नाही. एकदाही नाही.

तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. टाइप केलं असतं तर ह्यांना कळलंही नसतं. हे खिडकीशी उभे होते.

"दिली होती सूचना."

मग थांबेनात. दारं उघडायचा हुकूम दुपारी चारला आला. फोनची तार तुटलेली. स्वतः स्कूटर काढली. पहिल्या गावात दवंडी, दुसऱ्यात देवळाची घंटा. तिसऱ्याच्या अलीकडे रस्ताच वाहून गेलेला. परत फिरले.

"कधी सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. आणि तिसऱ्या गावाला नव्हतीच मिळाली. तेवढी तुझी बातमी खरी होती."

चाळीस वर्षं माझं वाक्य अर्धं होतं. आज कळलं, ह्यांच्याच तोंडून, तेही मला बोलावं लागतं म्हणून. बोटांवर रागावू कशी?

लॅपटॉप सगळा वेळ चालू होता. सगळं उतरलंय, सलग. छापायचं तर ते चुकलेलं वाक्य माझ्या नावावर. न छापायचं तर दुसरा मजकूर तयार नाही आणि साडेसातला पंचवीस मिनिटं.

"पाठवू?" विचारलं.

हे खाली निघाले. जिन्याच्या मधूनच आवाज: "तिसऱ्या गावाचं नाव नीट आलंय का बघ."

बघितलं. नीट आलंय.

अजून पाठवलेलं नाही.