चिमट्यावरची चिकटपट्टी

३ जून

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पंपाच्या दुकानावर पाठवलेलं पत्र परत आलं. पाकिटावर कुणीतरी ‘निघून गेले’ असं लिहिलं होतं, जणू तू वारलासच. बाबा अर्धा दिवस ते पाकीट उलटसुलट करत बसले. तुझा नवा पत्ता शेवटी त्या दुकानदाराच्या बायकोकडून मिळवला.

आपल्या सलाईनच्या चिमट्याचं पेटंट घ्यायचं विद्यापीठानं ठरवलंय. पेटंट कक्षातल्या बाईंनी मार्चमध्येच आठ पानी फॉर्म दिलाय. कल्पना कुणाची, पहिला नमुना कुठे आणि कधी झाला, सामान कुणाचं, असं सगळं त्यात विचारलंय. माझे सर म्हणाले, प्रयोगशाळेत, गेल्या हिवाळ्यात, संशोधक आपण दोघे, म्हणजे ते आणि मी, असं लिहून टाक. मी सांगितलं की पहिला नमुना आईच्या ऑपरेशनच्या वेळी, हॉस्पिटलात, माझ्या भावानं कपड्यांच्या चिमट्याचा केला होता. ते हसले आणि त्याला खेळणं म्हणतात म्हणाले. बाईंचं मात्र म्हणणं पडलं की बाहेर आधी झालेलं काम आपोआप विद्यापीठाचं होत नाही, म्हणून खरं तेच लिहा.

रकाना कोराच आहे. प्रबंधावर सरांची सही व्हायची आहे. जेवण जात नाही. तुला काय काय आठवतं ते नीट कळव.

तुझ्या काळजीला कंटाळलेली,
ताई

बहुधा १२ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

मी जिवंत आहे, सध्या लाकडाच्या वखारीत. इथल्या करवतवाल्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून बोलणारे सगळे त्याच्या डावीकडे गर्दी करतात आणि उजवीकडचं बाक कायम रिकामं. तिथेच बसून लिहितोय. भुसा पडला तर झटक.

आठवतं सगळं. सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढलं, तू नर्सबाईंना शोधत पळालीस. दुसऱ्या दिवशी तू आकृती काढलीस. भरलेली बाटली जड, तिच्या वजनानं चिमटा उघडा राहणार. संपत आली की हलकी, मग स्प्रिंग नळी दाबून टाकणार. मी घरून चिमटा आणला, पण तो घसरायचा. तर आई गुंगीतच म्हणाली, उलटा लाव, जाड चादरीला मी तसाच लावते. लावला आणि बसला.

पण माझं नाव कशाला? दहावीत दोनदा गचकलेला माणूस तुझ्या कागदावर शोभायचा नाही. आणि हो, सांगायचं राहिलंच. एप्रिलात तुझ्या सरांचं पाकीट आलं होतं. बहिणीचा प्रबंध अडलाय, सही करून लगेच पाठवा, अशी चिठ्ठी होती. एका पंपावर कागद ठेवला, सही ठोकली, त्याच दिवशी टपालात टाकला. वाचला नाही. अक्षर बारीक होतं आणि समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तुझं काम झालंच असेल.

तुझा, जिथे असेल तिथला,
भोवरा

२० जून

चि. भोवऱ्यास, आशीर्वाद.

तो कागद आज बाईंनी दाखवला. खाली तुझी शेपटीवाली सही. वर लिहिलंय की या उपकरणाशी तुझा काही संबंध नाही, आणि प्रयोगशाळेच्या आधीचा कोणताही नमुना तू केलेला किंवा पाहिलेला नाही. आता मी खरं लिहिलं की तुझ्याच सहीनं खोटी ठरते.

सरांना विचारलं. तुझ्या भावानं राजीखुशीनं दिलंय, तू प्रबंधाचा विचार कर, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच ठोकायचास, तेव्हा मी झाकलं. हे कशानं झाकू?

बाई म्हणतात, सही न वाचता केली असं तू स्वतःच्या हातानं लिहून दिलंस आणि जुना नमुना तारखेच्या पुराव्यासह दाखवला, तर फाईल थांबवता येईल. तीस तारखेला अर्ज जाणार आहे. तो चिमटा कुठे आहे? तुझी पिशवी मला माहीत आहे, म्हणून आशा धरत नाही.

ताई

२५ जून, कॅलेंडर बघून लिहिलंय

ती. ताईस,
शि. सा. न.

वखार सोडली. या वेळी कारणानं. चिमटा पिशवीत नव्हता, म्हणून हॉस्पिटलात गेलो. वाटेत एक माणूस किल्ल्यांशिवाय नुसती कुलपं विकत होता, त्याची गोष्ट भेटीत सांगेन.

नर्सबाई त्याच आहेत, आणि चिमटा तीन नंबरच्या खाटेच्या स्टँडला अजून आहे. त्यांच्या वॉर्डात जी वस्तू येईल तिला चिकटपट्टी लावून खाट, तारीख आणि स्वतःचं आद्याक्षर घालायचा त्यांचा नेम आहे, मग ती कुणाची विसरलेली चप्पल का असेना. चिमट्यावरही पट्टी आहे. तारीख तू विद्यापीठात जायच्या चौदा महिने आधीची.

त्यांनी लगेच द्यायला नकार दिला, कारण खाटेवर एक आजोबा होते आणि बाटली नुकतीच लावलेली. मी बाकावर बसलो. चार तास, एका जागी. बाबांना सांग. शेवटी चिमट्यानं गुपचूप नळी दाबली. आजोबांची झोपही मोडली नाही. मग बाईंनी तो काढून दिला. त्या जागी नवा करून देऊनच निघालो.

सोबत चिमटा, नर्सबाईंची चिठ्ठी आणि माझा जबाब. जबाब तीनदा वाचलाय. तुझ्या प्रबंधाचं काय होईल ते मलाही कळतं. तुला नको वाटलं तर पाकीट देऊ नकोस, मी कधी विचारणार नाही.

अपराधी,
भोवरा

४ जुलै

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट दिलं. फाईल थांबली. सरांनी प्रबंधावर सही करायला नकार दिला. दुसरा मार्गदर्शक मिळेपर्यंत वर्ष गेलंच म्हणायचं. माझ्या टेबलावर आता दुसऱ्या कुणाची खोकी आहेत. रडून झालंय, तू समजूत घालू नकोस.

नव्या फॉर्ममध्ये संशोधक तिघं आहेत: मी, तू आणि आई. उलटा लावणं हाच तर कळीचा भाग, असं पेटंट कक्षातल्या बाईच म्हणाल्या. आई आधी माझं कशाला म्हणाली, मग चष्मा लावून बसली. दोन दिवस वाचतेय. पाचव्या पानावर ‘सर्व हक्क कायमचे विद्यापीठाकडे’ असं आहे, त्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारलीय. हे का, ते बाईंना विचारायला तिला माझ्याबरोबर यायचंय. बाबा म्हणाले, करून टाक की सही. तिनं पाचवं पान त्यांच्या हातात ठेवलं.

तुला तिचा निरोप आहे. तुझा कागद टपालानं पाठवायचा नाही. तू घरी यायचं, तिच्यासमोर बसून आठही पानं मोठ्यानं वाचायची, मगच ती पेन देईल. पेन तिनं उशाखाली ठेवलंय.

वाट पाहणारी,
ताई