दोनशे बारा नंबरचं रोप

प्रिय खारूताई,

तुझं पाकीट पोचलं. वरचा फोटो मी तीनदा पाहिला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. मीच आहे गं ती! डोक्याला फडका, हातात मोजायची काठी, आणि तोंड असं की कुणी नुकतंच रागावलंय. तू लिहितेस की पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत हा फोटो भिंतीएवढा करून दाखवणार, आणि तुझ्या लेखावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव छापणार. तिसरीत शाळा सुटलेली बाई मी! खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, आता तुम्ही आमच्याशी बोलाल की नाही? मी म्हटलं, बोलेन की, पण आधी चिठ्ठी पाठवून वेळ घ्यायची. दोन दिवस आम्ही दोघी याच विनोदावर हसतोय. शिलाईचं मशीन थांबवून हसतात त्या, नुकसान त्यांचंच.

तुमच्याकडच्या बर्फातल्या जंगलाचा फोटोही पाहिला. खरं सांगू? मला करमलं नसतं तिथे. सगळी झाडं एकाच चेहऱ्याची, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. आणि प्रत्येकीच्या पायाशी तिचीच पोरं, दाटीवाटीनं. आमच्याकडे वीस पावलं चाललं तर वीस जातींची झाडं भेटतात, आणि एकीच्या पायाशी तिचं स्वतःचं पोर मिळेल तर शपथ. त्याचं कारण तू तीन पानं भरून समजावलंस. उबेच्या देशात आईच्या मुळांशी तिच्याच जातीवर टपलेली बुरशी असते, अळ्या असतात. बी पडतं, रुजतं, चार पानं काढतं आणि मान टाकतं. परक्या झाडाच्या पोराला ती बुरशी ढुंकून विचारत नाही, म्हणून तिथे परकं वाढतं. आपलं पोर जगतं ते लांब, पाखरानं किंवा तुझ्यासारख्या एखाद्या खारीनं नेऊन टाकलेलं. आणि थंडीच्या देशात बर्फ पडला की त्या बुरशीचा जोर मोडतो, म्हणून तिथे पोरं आईच्या पायाशी सुखानं वाढतात. हे सगळीकडे तितकंच खरं आहे का, यावर तुमच्यातली मोठी माणसं अजून भांडतात, असंही लिहिलंस. भांडू देत. मला हे पुस्तकानं सांगायला नको होतं. वीस वर्षं गुडघे टेकून मोजलंय मी.

चष्मेवाल्या साहेबांनी मला कामाला घेतलं ते डोळे बारीक आणि तोंड मोठं म्हणून. असं तेच म्हणायचे. जंगलाचा एक चौकोन दोऱ्या लावून आखला होता. त्यातल्या प्रत्येक रोपाला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधायचा. दर तीन महिन्यांनी जायचं, काठीनं उंची मोजायची, पानं मोजायची आणि कच्च्या वहीत लिहायचं. मेलेल्यापुढे फुली. साहेबांचा एकच नियम होता: बाई, रोपाला हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, दया करायची नाही, फक्त बघायचं. मी म्हणायची, अहो साहेब, एवढं तर देवही करतो.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून रजिस्टरात उतरवायचं काम तुझ्या आईकडे होतं. लग्नाआधी ती तेच करायची, आणि आजारी पडून तुला घेऊन माझ्याकडे आली तेव्हाही. खिडकीशी पलंग, मांडीवर उशी, उशीवर रजिस्टर आणि तिचं ते हिरव्या शाईचं पेन. तू दोन वर्षांची होतीस, पेनाचं टोपण तोंडात घालून पळायचीस. गालात काहीतरी कोंबलेलं नाही अशी तू मला आठवतच नाहीस.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की रक्ताचा आजार आहे, वर्ष निघालं तर खूप. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. थोरलीच्या पायाशी एक नवीन रोप उगवलं होतं. थोरली म्हणजे ते चौघींच्या कवेत न मावणारं झाड, तुला आठवत असेल. बिल्ला बांधला, नंबर आला दोनशे बारा. आणि बांधता बांधता मी मनाशी म्हणून गेले की हे जगलं तर माझी लेक जगेल. वेड्यासारखंच. थोरलीच्या पायाशी तिचं पोर कधीच जगत नाही हे त्या चौकोनात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळी तुझ्या आईलाही सांगितलं, तेवढीच करमणूक. तेव्हापासून रोज चार वाजता मी चहाचं आधण ठेवलं की ती आतल्या खोलीतून विचारायची, आई, दोनशे बारा कसं आहे? मी म्हणायची, टवटवीत आहे गं.

तू लिहिलंस ते वाचताना माझ्या हातातून पाकीट पडलं. गरम देशांतल्या इतक्या चौकोनांत एकच रोप नियमाला जुमानत नाही, आणि ते आपलं दोनशे बारा. अठ्ठावीस वर्षं आईच्या पायाशी उभं. तुझं सभेतलं सगळं बोलणं त्यावरच उभं आहे म्हणतेस. आणि शेवटी लिहितेस, आजी, आईचं झाड जिंकलं. आणि त्याखाली एक बारीकशी शंका: रजिस्टरात दोनशे बाराच्या ओळीला तीन ठिकाणी हिरव्या शाईचा ठिपका आहे, दुसऱ्या कुठल्याच नंबरला नाही, तो कशाचा? त्यासाठी त्या पानाचा फोटो मोठा करून पाठवलास. त्याच्याकडे येते मी. चहा उतू जातोय, थांब.

आले. तुला फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर तू हसतेस आणि मी विसरते. शिवाय सोबत जो डबा पाठवतेय तो फोनमधून जायचा नाही.

पहिल्याच मोजणीला दोनशे बारा आडवं पडलेलं होतं. मानेशी काळं, नेहमीसारखं. फुली मारायला पेन्सिल काढली आणि तशीच कानावर खोचली. साहेब ओढ्याच्या पलीकडे होते. मी त्यांच्या पाठीमागून, त्यांना न दिसता ओढा ओलांडला, तिथे लांबवर थोरलीच्याच जातीची रोपं ताठ उभी होती. तेवढ्याच उंचीचं एक मातीच्या ढेकळासकट उचललं, आणून लावलं आणि बिल्ला त्याला बांधला. मेलेलं कमरेच्या पिशवीत टाकलं. आणि त्याच आठवड्यात तुझी आई उठून दारापर्यंत चालत आली, तुला कडेवर घेतलं तिनं! बोलाफुलाला गाठ म्हणतात ती अशी. त्यानंतर मला कोण अडवणार होतं? दुसरं मेलं, बदललं. तिसरं मेलं, बदललं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, काय करता काय तुम्ही हिला? वर्षाची अडीच वर्षं झाली. आणि ती गेली त्या दिवशी चौथं रोप चौदा पानांनिशी हिरवंगार उभं होतं. मी बघून आले ना. त्याला काही ठाऊकच नव्हतं.

तेव्हा तरी फुली मारायची. पण तू साडेचार वर्षांची, दारात उभी राहून तिच्याच आवाजात विचारलंस, आजी, दोनशे बारा कसं आहे? मी म्हटलं, टवटवीत आहे गं. पुढे आणखी चारदा बदललं मी, तुझ्या गोवराच्या वर्षी, शाळेत घातलं त्या वर्षी, तू झाडावरून पडलीस त्या वर्षी, आणि शेवटचं तू सतराव्या वर्षी शिकायला गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात. ते गुडघ्याएवढं होतं, पाटीत घालून आणताना माझी कंबर धरली. त्यानंतर हात लावला नाही. आणि तरी ते विचारणं थांबलेलं नाही गं. चार वाजले, आधण ठेवलं, की आतल्या रिकाम्या खोलीतून येतं. मी उत्तर देते. शिंपीणबाईंना वाटतं मी तुझ्याशी फोनवर बोलते.

डब्यात सात काड्या आहेत. प्रत्येकीला चिंधी बांधलीय आणि चिंधीवर साल लिहिलंय, अक्षर कोंबडीचं आहे पण आकडे नीट आहेत. इतकी वर्षं फेकवल्या नाहीत. माझं नाव लेखावरून काढ, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. शिंपीणबाईंना काय सांगायचं ते मी बघेन. पण खोट्या झाडावर तुझं बोलणं उभं करू नकोस, आणि कुठलंच झाड आईचं म्हणून जपूही नकोस. हे लिहायला मी गेले आठ दिवस कागद घेऊन बसत होते आणि उठत होते. मग परवा भिंग घेतलं आणि तू पाठवलेलं ते पान पाहिलं. ठिपके मी कधी पाहिलेच नव्हते, रजिस्टर तिचं, मी कशाला उघडते? पहिल्या मोजणीला आहे. मग दुसऱ्यांदा बदललं त्या मोजणीला. मग तिसऱ्या. बरोबर त्याच तीन ओळी. सहा पानांचं रोप ऐन उन्हाळ्यात एकदम नऊ पानांचं कसं होईल? मोजणीवालीची लेक होती ती, उतरवताना तिला कळलंच असणार. तीनही वेळा कळलं, तीनही वेळा ठिपका दिला, आणि तरी चार वाजता विचारत राहिली आणि मला टवटवीत म्हणू दिलं. मला वाटायचं मी तिला फसवत होते. तीच मला सांभाळत होती गं! परवापासून मी रडतेय की हसतेय ते शिंपीणबाईंनाही कळेना. तेव्हा खारूताई, त्या तीन ठिपक्यांच्या जागी तीन फुल्या मार, आणि तिच्यामागे मी बदलली त्यांच्या चार, सालं चिंध्यांवर आहेत. आता उभं आहे ते आठवं, ओढ्यापलीकडच्या दुसऱ्याच आईचं, माझ्या कमरेला लागतं. तेरा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही, तेवढं खरं आहे, तेवढंच सांग सभेत. काल चारला विचारणं आलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, मेलं गं, पहिल्याच मोजणीला मेलं, तुला माहीत होतं ना? चहा मी दोन कपांत ओतला होता, दोन्ही मीच प्यायले.

तुझीच, फुली न मारलेली,
आजी