शोरव्याचं पातेलं

प्रिय बाबाजान,

मांडीवर बंदूक आडवी आणि तिच्यावर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षरावरून ओरडू नका. आपल्या गल्लीतले गौस काका खाली ओढ्याकाठी एका धोंड्याआड पडलेत. सकाळी मांडीत गोळी घुसली. जिवंत आहेत, दुर्बिणीतून त्यांचा हात हलताना दिसतो. समोरच्या कड्यावर तालिबानचा नेमबाज बसलाय. आम्ही डोकं वर काढलं की तो मातीच्या पोत्यात गोळी हाणतो. सूर्य आमच्या पाठीमागे उतरून त्याच्या डोळ्यांवर जाईल तेव्हा थोडा वेळ त्याला नीट दिसणार नाही. तोवर वाट बघायची. नुसतं बसून मला वेड लागेल.

सगळ्याचं मूळ एक कुत्रीचं पिल्लू आहे. हसू नका, रागावूही नका, आधी ऐकून घ्या. रस्ता बंद व्हायच्या आधी आमची गाडी एका पिठाच्या गिरणीपाशी थांबली होती. तोफगोळ्यानं भिंत पडलेली, आणि त्या विटांमध्ये हे मूठभर जनावर, अंगभर पीठ, मेलेल्या आईच्या पोटाला ढुशा देत होतं. मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा! शर्टात घातलं आणि चौकीवर आणलं. कॅप्टन साहेब म्हणाले, भुंकून पहारा देणार असेल तर राहू दे, पण खाईल ते तुझ्या वाटणीचं. पहिल्याच आठवड्यात तिनं मटणाच्या गरम शोरव्यात नाक भाजून घेतलं, म्हणून पोरांनी नाव ठेवलं शोरवा. माझ्या पांघरुणात झोपते. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण तिच्या छातीची धडधड हाताला लागली की मला झोप लागते, एरवी इथे लागत नाही.

गौस काकांना ती डोळ्यांसमोर नको असायची. नमाजाला तुमच्या मागे पहिल्या रांगेत उभे राहणारे काका, पायजम्यावर शिंतोडा उडाला तरी घरी जाऊन बदलून येणारे. इथे ते आमचे आचारी. निघताना आईनं माझा हात त्यांच्या हातात दिला होता, आणि हा माणूस ते इतकं मनावर घेऊन बसलाय की मी शिंकलो तरी चूल सोडून शिव्या देत धावत येतो. शोरवा जवळ गेली की कलथा उगारायचे, "हे नापाक कार्टं आवर नेमत, नाहीतर दोघांनाही उकळून काढीन!" आणि ती बापडी शेपटी हलवत त्यांच्याच मागे. मटणाचा वास सगळा त्यांच्याच हातांना ना.

परवा तिनं मोठ्या पातेल्यात तोंड घातलं. आमच्याकडे तेवढं एकच पातेलं. पाण्याचा टँकर कधीचा आलेला नाही, ओढा समोरच्यांच्या बंदुकीखाली, म्हणून पाणी मोजून मिळतं. काका अडून बसले, कुत्र्यानं उष्टावलेलं भांडं सात वेळा धुवायचं असतं, त्याशिवाय यात शिजणार नाही. आमचा कुर्बान म्हणाला, "सात वेळा धुण्याएवढं पाणी असतं तर मी अंघोळ नसती केली? सगळ्या चौकीवर उपकार झाले असते!" मग सगळे माझ्याकडे वळले. मुल्लाचा पोरगा तू, तूच सांग. मी सांगितलं, तीनदा धुतलं तरी पुरे, आमचे बाबा हेच शिकवतात. तीनदा धुतलं. काकांनी मुकाट्यानं शिजवलं, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः कोरडी रोटी चघळत बसले. काल पुन्हा त्यांची कोरडी रोटीच. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तुमच्यापेक्षा माझी शोरवा शहाणी, भूक लागली की खाते तरी!" आज सकाळी काकांनी कोणालाही न विचारता पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि ते सात वेळा धुवायला ओढ्याकडे चालू लागले.

गोळीचा आवाज झाला आणि शोरवा माझ्या हातातून निसटली. उतारावरून सुसाट खाली. नेमबाजानं तिच्यावरही गोळ्या झाडल्या. काका धोंड्याआडून तिला खडे मारत होते. मी इथे दातओठ खात होतो, मरायला टेकला तरी या म्हाताऱ्याचं सोवळं सुटत नाही! मग दिसलं की तिच्या आजूबाजूला माती उडतेय, आणि काका तिला परत पिटाळताहेत, वर, माझ्याकडे. ती ऐकेल तर शपथ. शेवटी त्यांनीच कोपरावर सरपटत हात लांबवला, मानगूट धरून तिला आत ओढलं आणि आपल्या लोकरी चादरीखाली घेतलं. बऱ्याच वेळानं पातेलं ओढ्यात बुडवलं आणि आधी तिच्यापुढे धरलं. ती प्यायली. मग त्याच पातेल्याला त्यांनी तोंड लावलं. मी दुर्बीण कुर्बानकडे दिली, मला पुढचं दिसेना. "रडतोस काय गाढवा," म्हणाला, आणि त्यानंही ती लगेच खाली ठेवली.

मांडी त्यांनी पागोट्यानं आवळलीय, पण कापड काळं पडत चाललंय. हात आता क्वचितच हलतो. अंधार होईपर्यंत थांबावं, तर अंधारात समोरचे स्वतःच ओढ्यावर पाण्याला उतरतात. म्हणजे ऊन त्यांच्या डोळ्यांवर असेल तेवढाच काय तो वेळ.

बाबाजान, ऊन आता कड्यावर पोचलंय. मी जातोय. मला कोणी पाठवत नाही, कॅप्टन साहेब तर नाहीच म्हणत होते, मीच त्यांच्याशी भांडलो. दोर घेतलाय. काकांना बांधलं की कुर्बान वरून ओढेल, आधी ते, मागून मी. हे पत्र कुर्बानपाशी ठेवतोय. मी वर आलो तर फाडून टाकीन. तेव्हा हे तुमच्या हातात असेल तर काय झालं ते तुम्हाला कळलंच आहे, आईला तुम्हीच सांगा, हळू सांगा. पण लिहिलं ते यासाठी नाही. काका गल्लीत परत येतील, लंगडत, आणि मशिदीत येणार नाहीत. तुमच्याकडे मान वर करून बघायची त्यांची हिंमत होणार नाही. एका पातेल्यापायी माझा मुलगा घालवलास, हे तुमच्या ओठांवर येईल. बाबाजान, माझ्यासाठी ते गिळा. तो माणूस माझ्या पिल्लासाठी गोळ्यांपुढे हात काढत होता. ते यायची वाट बघू नका, तुम्हीच आधी त्यांच्या घरी जा, भर दुपारी, गल्लीनं बघावं असे. उंबऱ्यात शोरवा बसलेली असेल तर तिला हाकलू नका, बाजूनं आत जा. आणि काकांनी चहा पुढे केला तर प्या.

तुमचाच,
नेमत