पांढरीतला कलश

मु. कुंभेवाडी, होटगीनजीक
बुधवार, ता. १० मार्च १९७६

आदरणीय आबासाहेब दाजी यांसी,

हिंदुरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आक्का खुशाल असेल, आणि छापखान्यातल्या शाईनं धरलेला तुमचा खोकला उतरला असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे; म्हणजे सोमवारी दुपारी सव्वातीनपर्यंत होतं.

गावाला नळाचं पाणी येणार, हे तुम्हांस ठाऊक आहेच. पाइपाची चारी आमच्या परसामागच्या पांढरीतून जाते (जुन्या वस्तीची पांढरी माती, पुण्याच्या साहेबांनाही हा शब्द आमच्याकडूनच घ्यावा लागला). अकरा वर्षं मी खापऱ्या वेचून पुराणवस्तू खात्याला पत्रं घालतो आहे (उत्तरं दोन, दोन्ही छापील). या खेपेला मात्र लेखी आलं : चारीवर लक्ष ठेवावं, काही निघाल्यास काम थांबवून कळवावं. दाजी, सातवी शिकलेल्या माणसाला काम थांबवायचा अधिकार! छत्री, वही आणि टेप घेऊन आठ दिवस चारीच्या काठावर बसलो.

सोमवारी तीन फूट दोन इंचांवर गाडगं लागलं. तोंडावर परळ (मातीची पसरट ताटली) उपडा घालून शेणानं लिंपलेला, आत राखट माती, हळकुंड आणि एक हिरवं पडलेलं नाणं. हे कुणा राजाचंच असणार म्हणून काम थांबवायला मी हात वर केला. मुकादम रुद्रप्पा म्हणाला, "पाव्हणं, शनिवारपतोर पाइप न्हाय पडला तर टोळी श्रीपूरला जाणार बगा. मग पावसाळ्यानंतरच या की म्हना!" बायका घागरी घेऊन चारीवर आल्या. आमच्या सौ. विजयमालेनं तर सर्वांदेखत विचारलं, "हिरीचं पानी मैलावरनं त्यो तुमचा राजा आणनार हाय व्हय?" मी ढळलो नाही. खात्याला तार केली, तुमच्या साप्ताहिकाला बातमी धाडली : अठराशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातील व्यक्तीचा अस्थिकलश.

मंगळवारी खात्याचे साहेब पुण्याहून जीपनं आले. वही पाहून "मोजमाप उत्तम आहे" म्हणाले (हे शब्द त्यांचेच, मी लगेच तारखेसह लिहून घेतले). नाणं चिंचेनं घासलं. राजाला दाढी निघाली, डोईला मुकुट निघाला, आणि खाली साल निघालं : १९२५. राजा पंचम जॉर्ज.

तेवढ्यात सारजाबाई सुईण काठी टेकत आली. वय ऐंशीच्या पुढं, नजर घारीची. म्हणाली, "आरं हिंदू, ही तुजी वार हाय की! तू झालास तवा माज्या सासूनं हितंच पुरली. परळबी तिचाच. लई दांडगा हुतास बाबा, आईला दोन दिस छळलंस!" साहेबांनी चष्मा पुसला. रुद्रप्पा हसता हसता चारीत बसला. इथं तुमची नाळ पुरली आहे का, असं लोक भांडणात विचारतात. मला उत्तर मोजमापासह देता येतं, एवढाच काय तो लाभ.

साहेबांनी खणायला मोकळीक दिली, पण सारजाबाई आडवी आली : वार हलवली तर माणसाला सुख लागत नाही. शेवटी गाडगं हळदकुंकू लावून जागच्या जागी पुरलं आणि पाइप अडीच फूट वळवून नेला. शनिवारपर्यंत काम उरकतं, असं रुद्रप्पा म्हणतो.

थोरांना दंडवत, लहानांच्या पाठीवरून हात. लोभ आहेच, तो उणा होऊ नये.

आपला,
हिंदुराव

ता. क. : साप्ताहिक रविवारी निघतं. माझ्या बातमीत दोनच शब्द बदलावेत : 'अठराशे' खोडून 'पन्नास', आणि 'राजघराण्यातील' खोडून 'स्थानिक'. माझ्या नावाआधीचा 'संशोधक' हा शब्द राहू द्यावा.

पुन्हा ता. क. : बातमीचे खिळे आधीच जुळवून झाले असतील, तर उगीच मोडू नयेत. साहेब पुण्याला गेले, रुद्रप्पा कानडी वाचतो, आणि सारजाबाईला अक्षर येत नाही. आमच्या घरी अंक तेवढा धाडू नये. विजयमाला वाचते.