दोन करंजगे आणि एक विहीर

मी, पंचशीला साहेबराव गजभारे, वय एकतीस, अविवाहित, व्यवसाय सरकारी नोकरी (भूवैज्ञानिक), सध्या राहणार लातूर, मूळ गाव करंजगा बुद्रुक, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड, हे माझे पहिले आणि बदलण्याची वेळ आली नाही तर शेवटचे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणावरून नव्हे, तर स्वतः विचार करून लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या एका रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी झडपेबद्दल बरेच लिहून दिले आहे. डोक्याबद्दल काही लिहिलेले नाही. ते शाबूत आहे असे मी धरते.

मी काही न लिहिता गेले, तर माझे सर्व काही कायद्याने माझी आई सरजाबाई हिच्याकडे जाईल. त्याला माझी हरकत नाही. आईची आहे, आणि ती एकाच वस्तूबद्दल, विहिरीबद्दल. "ती हीर माझ्या गळ्यात बांधू नको," ती म्हणाली. "एका गावाला दिली तर दुसरं गाव दारात, दोघांला दिली तर दोन्ही दारात." म्हणून हा लेख.

कलम १. लातूर येथील माझा फ्लॅट, बँकेतील ठेवी, भविष्य निर्वाह निधी आणि नोकरीतून मिळणारी इतर सर्व रक्कम आईला मिळावी. फ्लॅट विकून गावाकडे राहायला जाण्याचा सल्ला तिला पुष्कळ लोक देतील. त्यांनी आधी त्या गावात आमच्या वस्तीत एक उन्हाळा काढावा.

कलम २. माझा भूवैज्ञानिकाचा हातोडा, भिंग, होकायंत्र आणि पुस्तके माझी कार्यालयातील सहकारी तारामती शिंगाडे हिला द्यावीत. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिचीच नेमणूक करते. तिला माझी काठमांडूहून आणलेली करडी शालही द्यावी. शालीच्या घडीत एक समूहफोटो आहे, तो नको असल्यास टाकून द्यावा.

फोटोबद्दल थोडे लिहिते, कारण चौथ्या कलमाशी त्याचा संबंध आहे. काठमांडूला शेजारच्या देशांतील पाणी खात्यांच्या लोकांचे प्रशिक्षण होते, तेव्हाचा तो फोटो. नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि आम्ही. जेवणात सगळ्यांचा वरणभात, संध्याकाळी सगळ्यांना येणारी तीच हिंदी गाणी. आपण एकच आहोत, रेषा दुसऱ्यांनी मारल्या, असे रोज कोणीतरी भरल्या गळ्याने म्हणायचे. शेवटच्या दिवशी एका सामाईक नदीचा सराव होता. प्रत्येकाने आपापल्या बाजूच्या पाण्याचे आकडे मांडायचे होते. एकानेही मांडले नाहीत. वरिष्ठांची परवानगी लागेल, असे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले. मग फोटो काढला. फोटोत सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत.

कलम ३. आईच्या कपाटात वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली एक कपबशी आहे. ती करंजगा बुद्रुकचे माजी सरपंच अण्णाराव बिरादार यांची आहे. त्यांच्या वाड्याच्या वळचणीला ती माझ्या वडिलांसाठी वेगळी ठेवलेली असे. चहा झाला की वडील ती धुऊन पुन्हा तिथेच ठेवत. बिरादारांनी नवे घर बांधले तेव्हा जुन्या सामानात ती बाहेर टाकली गेली आणि वडिलांनी घरी आणली. का आणली, हे त्यांनी सांगितले नाही. ती अण्णारावांना पोचवावी. हे दान नाही, त्यांची वस्तू त्यांना परत करणे आहे. त्यामुळे त्यांना या मृत्युपत्राचे लाभार्थी समजण्यात येऊ नये.

कलम ४. विहीर.

माझ्या मालकीची शेतजमीन ओढ्याकाठी आहे. आजोबा केरबा यांना ती कूळ म्हणून मिळाली, वडिलांनी तिच्यात विहीर खोदली, आणि वडिलांच्या मागे आईने हक्कसोडपत्र करून ती माझ्या एकटीच्या नावे केली. ओढ्याच्या अलीकडे करंजगा बुद्रुक, महाराष्ट्र. पलीकडे करंजगा खुर्द, तेलंगण. तिकडे तेलुगूत त्याला चिन्न, म्हणजे धाकटे, करंजगा म्हणतात. निजामाच्या काळात हे एकच गाव होते. छप्पन साली ऑक्टोबरात आजोबांनी धर्म बदलला आणि नोव्हेंबरात सरकारने राज्य बदलले. आजोबांचे म्हणणे, पहिली गोष्ट त्यांनी केली, दुसरी त्यांना बैलगाडीतून बाजाराला जाताना कळली.

दोन्ही गावांत सोयरिकी आहेत. पोचम्मा देवीची जत्रा एकच. अर्धे गाव दोन्ही भाषा बोलते. दोन्ही गावांत आमची वस्ती पूर्वेलाच आहे, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ओढा मध्ये आला तरी ती जागा कोणी चुकवलेली नाही. दोन्ही गावांची संस्कृती एक आहे याचा याहून नेमका पुरावा माझ्याकडे नाही.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होते आणि दोन्ही करंजग्यांच्या सार्वजनिक विहिरी कोरड्या होत्या. आमच्या विहिरीला पाणी होते. याचे कारण पुण्य नाही. ओढ्याला आडव्या गेलेल्या खडकात एक लांब भेग आहे आणि आमची विहीर तिच्यावर आहे. त्याच भेगेवर अलीकडे अण्णारावांचे बोअर आहे, त्यावर त्यांचा ऊस. पलीकडे वीरण्णा मठपती यांचे बोअर आहे, त्यावर त्यांची हळद. वीरण्णा म्हणजे खुर्दचे अण्णाराव. दोघे एकमेकांचे व्याही आहेत.

तोवर त्या विहिरीला गाव साहेब्याची हीर म्हणायचे आणि तिचे पाणी आमच्या दोन वस्त्यांखेरीज कोणी प्यायले नव्हते. त्या उन्हाळ्यात ती साहेबरावांची विहीर झाली. माझ्या वडिलांचे नाव गावाने पुरते घेतले तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. पुढच्याच महिन्यात ओढ्यात मांडव उभा राहिला, सभा झाली, आणि तिचे नाव ऐक्य विहीर ठरले. वडिलांचे नाव तिथे संपले. दोन्ही गावे मुळात एक, ताटातूट वरच्यांनी केली, आता दोघांनी मिळून या विहिरीवर योजना करायची, असा ठराव झाला. मी जमीन दान द्यावी अशी विनंती दोन भाषांत करण्यात आली.

मी नाही म्हटले नाही. एवढेच म्हटले की विहीर दोन गावांना पुरेल का ते आधी तपासू. एक दिवस दोन्ही बोअर बंद ठेवा. मी विहिरीत पाणीपातळी मोजायचा टेप सोडून बसते आणि पाणी आपोआप किती चढते ते बघते. दोघांनीही पोचम्मापुढे बेल-भंडारा उचलून शपथ घेतली, "त्या दिवशी मी माझी मोटर चालू करणार नाही." आमच्याकडे बेल-भंडारा उचलल्यावर कोणी साक्षीपुरावा मागत नाही. मीही मागितला नाही. फक्त टेप सोडला.

त्या आठवड्यात आमच्या बाजूला शेतीची वीज सकाळी येत होती, पलीकडे दुपारी. पाणी चढायला हवे होते. ते सकाळभर उतरले. वीज गेल्यावर थांबले. दुपारी पलीकडची वीज आली, तेव्हा पुन्हा उतरू लागले. टेप पाण्याला टेकला की शिट्टी वाजते. ती दर वेळी आधीपेक्षा खोल वाजत होती.

संध्याकाळी दोघे विहिरीवर आले. मी विचारले, तेव्हा अण्णाराव शांतपणे म्हणाले, "मी हात लावला न्हाई, बाई. मोटरीला ऑटो हाय. लाईट आली, ती आपली आपण चालू झाली. शपथ मी घेतली व्हती, ऑटोनं न्हाई."

मी वीरण्णांकडे पाहिले. ते व्याह्यांकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळख पटल्यासारखे काहीतरी होते. "माझंबी ऑटोच अम्मा," ते म्हणाले.

म्हणजे दोघांनी एकमेकांना न विचारता, शपथेचे शब्द तेवढेच मोजून घेऊन, एकच पळवाट काढली होती. सारखी माणसे सहज एक होतील असे लोक समजतात. मला उलट दिसते. सारख्या माणसाला समोरच्याची लबाडी आधीच ठाऊक असते, कारण ती त्याची स्वतःची असते.

त्याच वर्षी दसऱ्याला पलीकडे नवे जिल्हे झाले. खुर्दला जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. लगेच बुद्रुकच्या ग्रामसभेने ठराव केला की आम्हालाही त्या राज्यात घ्या, आपण एकच. खुर्दने हार घेऊन स्वागत केले. टेपच्या दिवसानंतर मागे पडलेले ऐक्य विहीर हे नाव पुन्हा वर आले, आणि दोन्ही बाजूंची माणसे लातूरला माझ्या कार्यालयात येऊ लागली, वेगवेगळ्या दिवशी. मी दोघांना एकच प्रश्न विचारला: खरेच एक व्हायचे आहे का?

अण्णाराव म्हणाले, "जायचं कुणाला हाय? नांदेडला कळाय पाह्यजे की आम्ही जाऊ शकतो."

वीरण्णा म्हणाले, "या म्हणायला काय जातंय अम्मा? येणार न्हाईत म्हणून तर म्हणून राहिलो."

दोघेही खरे बोलले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. देशांचे प्रतिनिधी एवढे खरे बोलत नाहीत.

आता उरलेली गोष्ट. मांडव उभा राहण्याच्या आधीपासून त्या विहिरीवर एक व्यवस्था होती. आमच्या वस्तीतली नागुबाई आणि पलीकडच्या वस्तीतली नीलम्मा यांनी ती बसवली. एक राहट, एक दोर, आणि एकीआड एक बारी: एक घागर इकडची, एक तिकडची. ठराव नव्हता, शपथ नव्हती. भांडण मात्र रोज होते. नीलम्मा म्हणायची, "तुमची घागर हाय का हौद?" नागुबाई म्हणायची, "तुझ्या सुनंला इचार, काल दोनदा कोण आलतं." मी नागुबाईला विचारले, की इतका संशय आहे तर राखणीला कोणी बसवू का? ती म्हणाली, "कशाला? तिच्या डोळ्यात मी हाय, माझ्या डोळ्यात ती." त्या संपूर्ण उन्हाळ्यात बारी चुकल्याचे मला कोणत्याही वस्तीतून ऐकू आले नाही. संशयावर चाललेली ती एकमेव गोष्ट होती, आणि ती एकटीच चालली.

म्हणून सदर जमीन, विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट मी नागुबाई व नीलम्मा या दोघींना सामाईक, अविभाज्य हक्काने देते. दोघींच्याही नावे शेतजमीन आहे, त्यामुळे शेतजमीन घेण्यास त्या पात्र आहेत. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे असा माझा समज नाही. त्यावर हे कलम अवलंबूनही नाही.

कलम ५. अटी. (अ) विहिरीवर मोटर बसवल्यास तिला ऑटो स्टार्टर बसवू नये. मोटर माणसाने चालू करावी, म्हणजे कोणी केली ते सांगता येते. (आ) माझा पाणीपातळीचा टेप विहिरीवर राहील. तो दोन्ही वस्त्यांतील एकेक बाई हजर असतानाच सोडावा. शिट्टी दोघींना ऐकू आली पाहिजे. (इ) विहिरीवर सभा, मांडव, हारतुरे आणि नामकरण करू नये. नाव द्यायचेच झाल्यास साहेब्याची हीर हेच ठेवावे. ते वडिलांना सोसावे लागले, आता गावानेही सोसावे. (ई) पाणी कोणत्याही जातीच्या, कोणत्याही राज्याच्या माणसाला द्यावे. बारी लावून.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, भाषणांशिवाय करावा.

साक्षीदारांबद्दल. लाभार्थ्याने साक्षीदार असू नये, असा सर्वसाधारण सल्ला वकील देतात. मी तो उलटा वापरला आहे. ज्यांना या विहिरीतून काही मिळता कामा नये, त्या दोघांनाच मी साक्षीदार केले आहे. उद्या आम्हाला माहीत नव्हते असेही त्यांना म्हणता येणार नाही. दोघेही बोलावल्याबरोबर आले. दुसऱ्याला काय मिळते ते बघायलाच आले असावेत.

साक्षीदारांबद्दलचा हा शेवटचा भाग मी देगलूर येथे वकिलांच्या टेबलावर, साक्षीदारांसमोर हाताने लिहीत आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. तरी दोघांनी हट्ट धरला, म्हणून कलम चार आणि पाच वाचायला दिले. मग सही आधी कोणी करायची यावर अडले. अण्णाराव म्हणाले, आधी पाहुण्यांनी. वीरण्णा म्हणाले, आधी मोठ्या गावानं. सोबत आलेल्या आईने पिशवीतून दोन पेन काढून कागदाच्या दोन बाजूंना ठेवले आणि म्हणाली, "संगंच करा. म्या दोन आणलेत." ते कागदावर वाकले. कोपराला कोपर लागले. तेवढ्यात वीरण्णांनी पाचव्या कलमातल्या ऑटोच्या अटीवर बोट ठेवले आणि व्याह्यांना म्हणाले, "पाटील, हे आपल्यासाठीच हाय."

अण्णाराव हसले. मग वीरण्णाही. दोन्ही करंजग्यांचे एकमत झालेले मी आज पहिल्यांदा पाहिले, आणि ते खरे होते असे नमूद करते.

ठिकाण: देगलूर, जिल्हा नांदेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१७

लिहून देणार: (सही) पंचशीला साहेबराव गजभारे

आमच्यासमोर लिहून देणारीने सही केली आणि आम्ही तिच्यासमोर, एकाच वेळी केली:

(सही) अण्णाराव बिरादार, राहणार करंजगा बुद्रुक
(सही) वीरण्णा मठपती, राहणार करंजगा खुर्द