दोनशे चाळीस वर्षांच्या माणसाने कुणाच्या पाया पडावं?

कुवेंपुनगर, म्हैसूर

तीर्थस्वरूप रणोजीदादांस,

धाकट्या तुंगाचा साष्टांग नमस्कार (गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्या). बेट्टदपुरची हवा मानवत असेल. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला आणि तुम्ही 'एक्याऐंशी झाली, आता यंत्र कशाला' म्हणत गावची बस धरलीत, त्याला महिना झाला. चक्कर येते का अजून? खोटं कळवू नका, तुमच्या अक्षरावरून मला समजतं.

इथे नात काव्या कादंबरी लिहिते आहे, जादूची. नायक म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेतला घोडेस्वार, कसलंसं पाणी पिऊन अमर झालेला. वय दोनशे चाळीस, दिसतो चोवीसचा. मी म्हटलं, अगं, बायको म्हातारी होणार, लोक तिला आधी त्याची आई समजणार, मग आजी. कोणती बाई हे खपवून घेईल? बरं, म्हातारा होऊ देत अमर ठेवावा, तर दोनशेव्या वर्षी मनुक्याएवढा उरायचा आणि कुणीतरी त्याला चुकून खिरीत टाकायचं. (हे तिने वहीत उतरवून घेतलं, माझं नाव न घालता.)

शेवटी दसऱ्याला प्रयोग केला. शमी देऊन थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने पाया पडायची आपली रीत, म्हणून काव्याच्या भावाला, रघूला, फेटा बांधून अमर पूर्वज म्हणून पाटावर बसवलं. नेमके तेवढ्यात हूटगळ्ळीहून येसाजीराव भाऊजी आले. (माझे धाकटे दीर, चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.) पाटावर फेटा दिसला म्हणजे कुणी वडीलधारं असणार, असं धरून त्यांनी सरळ दंडवत घातला. रघू घाबरून त्यांच्याच पाया पडायला वाकला, डोक्यावर डोकं आपटलं, आणि भाऊजींना उठवायला चौघं लागली. कॉफी घेताना सगळा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, "मत्ते, मग ह्या अमर माणसानं कुणाच्या पाया पडायचं, सांगा की वहिनी. सुम्ने, नुसते आशीर्वादच देत बसायचं? बेड बाई, नकोच ते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. यंदा तुम्ही नव्हता, दादा. घरदार माझ्या पाया पडलं आणि मला वाकायला कुणी उरलंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरात सगळ्यांत थोरलं होणं मला मुळीच आवडलं नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमची धाकटी,
तुंगा

ता. क. : मंगळवारी सकाळी रघू गाडी घेऊन तुमच्या दारात येईल. बुधवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पिशवीत दोन धोतरं टाका, भांडण इथे आल्यावर करू.

आणखी ता. क. : काव्याने काल नायकाचं अमरपण काढून घेतलं. आता तो पंच्याण्णवाव्या वर्षी मरतो, फक्त धाकट्या बहिणीच्या नंतर. एवढा एक नियम मी तिला घालायला लावला आहे.