काळी दोन

३ फेब्रु., मंगळ.
अण्णांना लकवा होऊन महिना झाला. शब्द नाही. आज दुपारी तीनला पहिल्यांदा आवाज काढला: एकच लांब सूर, श्वास संपेपर्यंत. दुकानात दुरुस्तीला आलेली पेटी खाटेजवळ आणून सूर जुळवून पाहिला. काळी दोन, तार सप्तक. केसाचाही फरक नाही.
आई म्हणाली, "बाप हाय तो तुझा, पेटी न्हाई. जुळवतोस काय?"

१० फेब्रु.
रोज तीनला. तोच सूर, तेच सप्तक.

१४ फेब्रु., शनि.
काळी दोनच, पण मध्य सप्तकात. मधल्या एकाही सुरावर न थांबता. बीडचे डॉ. फोनवर: "आवाज उघडतोय, चांगलं आहे." आईने शेजारी गूळ वाटला.

२० फेब्रु.
भजनी मंडळाचे सोपानकाका आले. पेटी त्यांची. "सप्ता तोंडावर आलाय. दोन रीड बदलाया महिना लागतो का बे?" भाता फाटलाय म्हणून सांगितलं. खोटं.

२५ फेब्रु., बुध.
आता खर्ज, सगळ्यात खालचं सप्तक. खाटेची फळी हादरते. अकरा दिवस, पुन्हा अकरा दिवस. पेटीत काळी दोन तीनदाच आहे. डावीकडे पुढे नुसतं लाकूड.

२७ फेब्रु.
अण्णांची जुनी वही. कोण कुठल्या पट्टीत गातो ते लिहिलेलं, धारूरपासून माजलगावपर्यंतची भजनी मंडळं. शेवटच्या पानावर माझे आजोबा:
"आबा. काळी दोन. तार. ११ दि. मध्य. ११ दि. खर्ज. ११ दि. सूर नाही. आबा गेले."
खाली बारीक अक्षरात: "चौथी रीड करायला पाहिजे होती. भ्यालो."
२५ फेब्रु.पासून अकरा दिवस म्हणजे ८ मार्च.

२ मार्च
एवढी खालची रीड मिळत नाही. खर्जाच्या जुन्या रीडच्या पातीच्या टोकाला कथलाचा डाक चढवतोय. टोक जड झालं की सूर उतरतो. पहिली पाती मोडली. दुसरी वाजवली, तर अण्णांनी खाटेवरून मान हलवली. नाही.

६ मार्च, शुक्र.
तिसरी जुळली. अण्णांनी डोळे मिटले. हिला दाबायची पट्टी नाही, म्हणून काकांच्या पेटीला डावीकडे भोक पाडून बसवली. भोकावर बोट ठेवायचं, उचललं की वाजते. नंतर बुजवीन.
काका दारातून: "आता काय पेटीचं लगीन लावतोस का? दे की!"
सोमवारी देतो म्हणालो.

८ मार्च, रवि.
२.५५. आई पायाशी. उशाशी पाण्याचा तांब्या.
३.०० अण्णांनी तोंड उघडलं. आवाज नाही. मी बोट उचललं, भाता मारला. चौथी वाजली. कानाला कमी, छातीला जास्त. तांब्यातलं पाणी थरथरलं.
३.०४ भाता सोडला. भोक बोटाने दाबलं.
पाणी अजून थरथरतंय.
आई म्हणते, "थांबू नगं रे. लई बरं वाटतंय त्यांला."
मी कधीचा थांबलोय. अण्णांच्या नाकाशी हात धरून बघायचंय. आधी वेळ लिहितो.
३.०९